ससा, एनसी आणि पन्नास रुपये

पेट शॉपच्या दारात, रस्त्याकडे तोंड करून ठेवलेला सशांचा पिंजरा म्हणजे त्या दुकानाची पाटीच. मुलं तिथं थांबतात, आईबापांना हात धरून थांबवतात. पूर्वी मुंबईकराला पक्षी किंवा ससा घ्यायचा तर क्रॉफर्ड मार्केट गाठावं लागे. आता डोंबिवलीत, वाकडला, नाशिकरोडला, कुठल्याही वाढत्या वस्तीत मोबाइल रिचार्ज आणि केकच्या दुकानाशेजारी पेट शॉप असतं. त्यातली काही नेटकी असतात. बाकीच्यांत पिंजऱ्यासमोर दोन मिनिटं उभं राहिलं की चित्र हळूहळू स्पष्ट होत जातं.

तळ जाळीचा. खाली पत्र्याचा ट्रे, त्यातली रद्दी ओलसर, लघवीचा डोळे चुरचुरवणारा वास. पाण्याची वाटी उलटी पडलेली. कोबीचं एक पान, कडा तपकिरी झालेल्या. सात-आठ पिल्लं एकमेकांवर चढलेली, आणि एक मात्र कोपऱ्याकडे तोंड करून पाठीची कमान करून बसलेलं. ‘‘झोपलंय ते, मॅडम,’’ दुकानातला पोरगा सांगतो.

ते झोपलेलं नसतं. ससा हा शिकार होणारा प्राणी. दुखणं दाखवलं की जीव गेला, हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं, म्हणून तो शेवटपर्यंत काही दाखवत नाही. अर्धे मिटलेले डोळे, दातांची बारीक करकर, पुढ्यातल्या पानाकडे दुर्लक्ष, एवढंच काय ते दिसतं. सशाचं आतडं सतत चालू लागतं. त्याने दहा-बारा तास काही खाल्लं नाही तर ते मंदावतं, मग थांबतं. त्याला उलटीही करता येत नाही. त्याचे दात जन्मभर वाढतात आणि ते झिजायला सुकं गवत लागतं. कोबीच्या पानाने ते काम होत नाही. जाळीवर बसून बसून मागच्या पायांच्या तळव्यांचे केस जातात आणि जखमा होतात. उन्हाळ्यातल्या दुपारी रस्त्याकडेच्या पिंजऱ्यात त्याला उष्माघात व्हायला वेळ लागत नाही.

गिनीपिगचं दुखणं वेगळं. माणसासारखंच त्याला क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. नुसत्या कोरड्या दाण्यावर ठेवला की हिरड्या सुजतात, सांधे दुखतात, चालणं कमी होतं. आणि नर-मादी एकत्र कोंबलेले असले तर अवघ्या महिना-दीड महिन्याची मादीही गाभण राहते. घरी आणलेल्या एका गिनीपिगचे चार झाले की लोकांना गंमत वाटते. सीरियन हॅमस्टर तर एकलकोंडा प्राणी, वयात आल्यावर दोघांना एका पिंजऱ्यात ठेवलं की रक्त निघेपर्यंत भांडतात. दुकानात मात्र ते डझनाने एका काचेच्या पेटीत असतात. ज्यांना आपण सरसकट लव्हबर्ड म्हणतो ते बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातले बजरीगर. आजारी बजरीगर पिसं फुलवून बसतो आणि प्रत्येक श्वासाला त्याची शेपटी वरखाली हलते. ही हलणारी शेपटी लक्षात ठेवा, पुढे अर्जात ती कामाला येणार आहे.

हे पाहून चुटपुट लागत नाही असा माणूस विरळा. पुढे काय करायचं, इथं मात्र गाडी अडते. पुष्कळजण मग सर्वांत सोपं ते करतात, तो आजारी ससा विकत घेतात. ‘निदान एक तरी सुटला.’ भावना समजते, पण हिशेब उलटा पडतो. दुकानदाराच्या दृष्टीने मरणारा माल पूर्ण किमतीला गेला, आणि दुसऱ्या दिवशी रिकामी जागा नव्या पिल्लाने भरली. आजारी जनावर विकत घेणं म्हणजे दुकानदाराला शिक्षेऐवजी बक्षीस देणं, असं माझं स्पष्ट मत आहे. पिंजरा उघडून पाखरं सोडून देणारेही भेटतात. परदेशी बजरीगर मुंबईच्या कावळ्यांसमोर किती तास टिकणार?

मग तक्रार. आणि इथं कायदा नावाचं प्रकरण सुरू होतं.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा. त्यामागे भरतनाट्यमच्या थोर कलावंत आणि राज्यसभा सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचा आग्रह होता. त्यांनी खासगी विधेयक आणलं होतं. सरकारच आणेल असं आश्वासन नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतलं. या कायद्याचं कलम ११ वाचताना वाटतं, हे पेट शॉप समोर ठेवूनच लिहिलं असावं. प्राण्याला हालचाल करायला पुरेशी उंची-लांबी-रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा. मालकाने पुरेसं अन्न-पाणी-निवारा न देणं गुन्हा. उपासमार, तहान, गर्दी किंवा इतर छळामुळे वेदना सोसणारा प्राणी विक्रीला ठेवणं हाही गुन्हा. गर्दी हा शब्द कायद्यातलाच आहे.

शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे आकडे कित्येक दशकं तसेच आहेत. पिंजऱ्याला अडकवायची पाण्याची बाटलीसुद्धा पन्नास रुपयांत येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या जल्लिकट्टू निकालात हा दंड अपुरा असल्याचं सांगून संसदेने तो वाढवावा असं सुचवलं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी ठेवलाही. दंडाचा आकडा तरी हललेला नाही.

दंडापेक्षा मोठी अडचण दुसरीच आहे आणि ती पोलीस ठाण्यात गेल्यावर कळते. या कायद्यातले मोजकेच गुन्हे दखलपात्र आहेत: अंगभंग करणं वा क्रूरपणे मारणं, झुंजी लावणं, नेमबाजीसाठी प्राणी सोडणं आणि दुधासाठी फुका मारणं, म्हणजे जनावराच्या जननमार्गात हवा फुंकणं. कोंबलेला पिंजरा, कोरडी वाटी, आजारी पिल्लू विक्रीला, हे सगळं अदखलपात्र. म्हणजे ठाणे अंमलदार एनसी, अर्थात अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतो, प्रत हातात देतो आणि म्हणतो, ‘‘कोर्टात जा, ताई.’’ तो टाळतोय असं वाटतं. पण अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय करता येत नाही, हा नियमच आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेत होता, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ मध्ये आहे. तरीही ठाण्यातून मुकाट परतायचं कारण नाही. त्याच १९६० च्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे शिपायाच्या वरच्या दर्जाचा कोणताही पोलीस अधिकारी, गुन्हा झाल्याचं सकारण वाटलं तर, प्राणी ताब्यात घेऊन पशुवैद्यकाकडून तपासून घेऊ शकतो. अर्जात हे कलम आकड्यासकट लिहावं. आकडा लिहिला की समोरच्याला पुस्तक उघडावं लागतं.

आता तेच दुकान, शेजारचा पिंजरा, पण आत ससा नाही, लाल कंठाचा हिरवा पोपट आहे. सगळं चित्र पालटतं. आपला पोपट, मैना, मुनिया यांचा व्यापार हा वन्यजीव संरक्षण कायद्याचा विषय आहे; देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासूनच बंदी आहे. पोपट आता या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. चांदणीसारखी नक्षी असलेलं स्टार कासव तर पहिल्या अनुसूचीत, तिथं कैद किमान तीन वर्षांची. इथं एनसी नाही. वनविभाग छापा घालतो, पंचनामा करतो, जनावर जप्त करतो. पोपटाचा पिंजरा मोठा होता, पाणी ताजं होतं, या सबबी चालत नाहीत. तो दुकानात असणं हाच गुन्हा. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६. दुकानात पोपट दिसला तर सशाच्या तक्रारीत त्याची एक ओळ घालत बसू नका. त्याची तक्रार वेगळी, आणि आधी करा.

लाल कानाची छोटी कासवं मात्र फसवतात. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, हिरवीगार, प्लॅस्टिकच्या टबात पोहणारी. ही अमेरिकेतली. तिथं १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे, कारण ती हाताळून मुलांना साल्मोनेलाची लागण होत होती. आपल्याकडे ती घरी येतात, फूटभर होतात, आणि मग एका रात्री जवळच्या तळ्यात ‘सोडली’ जातात. तिथं ती देशी कासवांच्या जागेवर आणि अन्नावर हक्क सांगतात.

ससा, हॅमस्टर, बजरीगर यांच्या वाट्याला वन्यजीव कायदा येत नाही. त्यांच्यासाठी खरं हत्यार वेगळं आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. केंद्राने २०१८ मध्ये पेट शॉपसाठी स्वतंत्र नियम काढले. कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदीर आणि पिंजऱ्यातले पक्षी विकणाऱ्या प्रत्येक दुकानाने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. शुल्क पाच हजार, मुदत पाच वर्षं. प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचं. प्राण्याच्या आकारानुसार पिंजऱ्याची मापं ठरलेली आहेत. कुठून आणला, कोणाला विकला, किती मेले, याच्या वह्या ठेवायच्या. नोंदणी नसलेलं दुकान बंद करून प्राणी प्राणिकल्याण संस्थेकडे किंवा पांजरपोळाकडे सोपवण्याचा अधिकार या नियमांत आहे.

क्रूरता सिद्ध करावी लागते. वेदना होती की नव्हती यावर दोन पशुवैद्य दोन मतं देऊ शकतात. नोंदणी एक तर असते किंवा नसते. दुकानात गेल्यावर सौम्य आवाजात विचारा, ‘‘दादा, प्राणी कल्याण मंडळाचं सर्टिफिकेट कुठंय?’’ बहुतेकदा भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं जातं. ती फ्रेम गुमास्त्याची असते, म्हणजे दुकान चालवायच्या साध्या नोंदणीची. किराणा दुकानातही तीच असते. प्राणी विकायला ती पुरत नाही. त्या फ्रेमचा फोटो घ्या. सशाच्या फोटोइतकाच, कदाचित जास्त, तो उपयोगी पडेल.

अर्ज कसा लिहावा याबद्दल थोडं. ‘हे राक्षस आहेत, मुक्या जिवांचा तळतळाट लागेल’ असे अर्ज कार्यालयांत ढिगाने पडलेले असतात आणि त्यावर कोणाला काही करता येत नाही. त्याऐवजी: अमुक तारखेला सायंकाळी साडेसहाला, अमुक पत्त्याच्या दुकानात, अंदाजे दोन फूट बाय दीड फुटाच्या पिंजऱ्यात आठ ससे; पाण्याची वाटी कोरडी; तळ जाळीचा; एका सशाला उठता येत नव्हतं; वरच्या पिंजऱ्यातल्या दोन बजरीगरांची शेपटी श्वासागणिक हलत होती; मंडळाचं नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात दिसलं नाही. फरशीची मापं ठाऊक असतात, त्यावरून पिंजरा मोजता येतो. फोटो ग्राहक म्हणून उभं राहता येतं तिथूनच घ्या. मागच्या खोलीत घुसणं, हुज्जत घालणं, गर्दी जमवून व्हिडिओ काढणं टाळा. दुसऱ्या दिवशी पिंजरे चकचकीत होतात आणि आजारी जनावर नाहीसं होतं. दोन-तीन दिवसांच्या अंतराने पुन्हा जाऊन तीच नोंद केली तर ‘त्या दिवशी पोरगा सुट्टीवर होता’ ही सबब गळून पडते.

अर्ज जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांकडे द्या आणि प्रत जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक संस्थेला. २००१ च्या नियमांप्रमाणे अशी संस्था प्रत्येक जिल्ह्यात असायला हवी. काही जिल्ह्यांत ती कागदावरच असते, तिथं जिल्हाधिकारी कार्यालयाचं दार ठोठावावं. मुंबईत ही परंपरा जुनी आहे, तिथली संस्था १८७४ ची आणि परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आजही चालू आहे. तिसरी प्रत पोलीस ठाण्यात, चौथी महापालिकेत. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय निघू नका. मग काही आठवडे वाट पाहून दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जात दोनच गोष्टी मागा: या दुकानाच्या नोंदणीची प्रत आणि माझ्या अर्जावर झालेल्या तपासणीचा अहवाल. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. तपासणी झालीच नसेल तर ती बहुधा याच तीस दिवसांत होते, असा जाणत्या कार्यकर्त्यांचा अनुभव आहे.

शाळेबाहेर टोपलीत गुलाबी-निळ्या रंगात बुडवलेली कोंबडीची पिल्लं विकणाऱ्याला ना गुमास्ता ना पाटी. ती बहुतेक अंड्यांच्या धंद्याला नकोशी झालेली नर पिल्लं, आठवडाभरही न जगणारी. त्यालाही कलम ११ लागू आहेच, पण दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या शाळेबाहेर असतो. इथं तक्रारीपेक्षा शाळेच्या मुख्याध्यापकांनी फाटकासमोर त्याला उभं राहू न देणं जास्त लवकर लागू पडतं.

शेवटी तारखेबद्दल. १९६० च्या कायद्याखालचा खटला गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो, नंतर नाही. पोलिसांनी एनसीवर थांबवलं तरी दंडाधिकाऱ्यांपुढे कोणाही नागरिकाला खासगी फिर्याद देता येते, मात्र याच मुदतीत. तेव्हा पिंजरा पाहिलात त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा आणि अर्ज त्याच आठवड्यात द्या. तो साध्या कागदावर, मराठीत चालतो.