जुन्या वाड्याला नवी खोली जोडताना



गळीत हंगाम सरत आला आणि उसाचे पैसे हातात आले की आपल्या बारामती-इंदापूर भागात घराच्या कामांची घाई सुरू होते. कुणाला सुनेसाठी वेगळी खोली हवी असते, कुणाच्या म्हाताऱ्या आईला रात्री परसात जाणे होत नाही, तर कुठे दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या पण वाडा एकच राहिला. जागा कमी पडते हे खरेच. पण काम निघते कसे? गवंडी येतो, पावलांनी अंतर मोजतो आणि म्हणतो, "मालक, ह्यो मधला खांब काढू या की, हॉल ऐसपैस हुईल." आमचे म्हणणे असे की इथेच थांबावे.

आपली जुनी माळवदाची घरे खणांच्या हिशोबाने बांधलेली आहेत. खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचन आणि सर्वांत वर पांढरी माती. दोन खांबांमधला गाळा म्हणजे खण. घर केवढे, हे जुनी माणसे फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. याचा अर्थ असा की कित्येक घरांत माळवदाचे ओझे खांब पेलतात. दोन हात रुंद भिंत बऱ्याच अंशी आडोशाला असते.

ओझे किती, तेही पाहू. दहा बाय पंधरा फुटांच्या खोलीवर एक फूट मातीचा थर असेल तर ती माती सहा-सात टन भरते. टायरच्या बैलगाडीत दोन-अडीच टन ऊस मावतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणजे उसाने भरलेल्या तीन गाड्या आपण डोक्यावर घेऊन झोपतो. त्यात दर दोन-चार वर्षांनी गळती थांबवायला वर नवी माती टाकली जाते. खालची कुणी काढत नाही. अशा छपराखालचा खांब "हॉलसाठी" काढणे म्हणजे काय, ते ज्याचे त्याने ठरवावे.

"अहो, भिंत केवढी रुंद हाय, तिला काय हुतंय?" असे हमखास ऐकू येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झाले, त्यात अशाच रुंद भिंती होत्या. बाहेरून एक दगडी थर, आतून एक, आणि मध्ये गोटे व चिखल. दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड नव्हते. धक्क्यासरशी थर सुटले, भिंती फुटल्या आणि हजारो माणसे दगडमातीखाली गेली. काही घरांत मात्र भिंती पडूनही लाकडी सांगाडा उभा राहिला. आपल्याकडे भूकंपाचे काय, असे कुणी म्हणू नये. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा हादरा पुणे-मुंबईपर्यंत पोचला होता. किल्लारीनंतर जी घरे सुधारली त्यांचे उपाय अवघड नव्हते: माळवदाची जादा माती उतरवणे, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडून गज व काँक्रीट भरणे, आणि माथ्याजवळून घराला सळईचा पट्टा बांधणे. आमच्या मते वाढीव खोलीच्या आधी हा खर्च करावा.

इंदापूरच्या भीमाकाठच्या सभासदांची गोष्ट निराळी. उजनी धरण १९८० साली पुरे झाले, पळसदेवसारखी जुनी गावे पाण्याखाली गेली आणि नव्या गावठाणांत घरे उभी राहिली. तीही आता 'जुनी' झाली. त्यांतल्या बहुतेकांत खण नाहीत, भिंतीच भार घेतात. म्हणून तिथे नियम उलटा: खांबाची नव्हे, भिंतीची काळजी. दोन खोल्यांची एक करण्यासाठी मधली भिंत पाडायची असेल तर आधी इंजिनिअर, मग पहार.

आता जमीन. गाव पांढरीवर आणि शेत काळीत, ही वाटणी पूर्वजांनी उगीच केली नव्हती. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. तिच्यावर उथळ पाया घातला की दोन उन्हाळ्यांत भिंतीला तिरपी भेग पडते. वस्तीवर बांधायचे तर पाया कठीण मुरमापर्यंत न्यावा. मुरूम फार खोल असेल तर खाली फुगीर बुंध्याचे काँक्रीटचे खांब घालतात, ती पद्धत रुरकीच्या संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी बसवली. ते साधारण साडेतीन मीटर खोल जातात. जोत्यात भर मुरमाची घालावी, खणून काढलेली काळी माती पुन्हा आत ढकलू नये. न्हाणीचे पाणी पायापासून लांब न्यावे.

नवी खोली जुन्या भिंतीला चिकटवू नये. तिचा पाया वेगळा, भिंत वेगळी, मध्ये इंचभर फट, आणि फटीवर पत्र्याची पट्टी. जुने घर बसून झालेले असते, नवे अजून बसायचे असते. दोघांना एकत्र बांधले तर चिरते ते जुने.

चौकावर पत्रा टाकायची हल्ली टूम आहे. टाकू नये. माजघराला उजेड आणि वारा बहुधा तिथूनच मिळतो. संडास-न्हाणी मात्र आतून जाता येईल अशी घ्यावी, उंबरा न ठेवता, भिंतीला धरायला दांडी लावून. आराखडा काढताना घरातल्या बायकांना विचारावे. पाणी कुठून येते, चूल कुठे, धुणे कुठे, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.

कागदाचेही पाहावे. ग्रामपंचायतीचा नमुना नं. ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. ड्रोन मोजणीनंतरची मिळकत पत्रिका निघाली असेल तर ती आधी काढावी. वाडा वडिलोपार्जित असेल तर भावांची लेखी संमती घ्यावी, आणि २००५ च्या दुरुस्तीपासून बहिणींचा हक्क भावांइतकाच असल्याने त्यांचीही. परवानगी ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत, पाया खणण्यापूर्वी.

पैसा एकदम येत नाही, हप्त्यांनी येतो. कामही तसेच पाडावे. पहिल्या उचलीत माळवदाची माती उतरवणे आणि वाळवी लागलेल्या तुळया बदलणे, उन्हाळ्यात नव्या खोलीचा पाया व जोते, पावसाळ्यात काम बंद, आणि पुढचा हप्ता आला की भिंती व स्लॅब. स्लॅबला पाणी मारायचे दिवस कालव्याच्या आवर्तनाशी जुळवून घेतले तर टँकरचा खर्च वाचतो.