कोंबडा की तलंग?

लंडनच्या टेट संग्रहालयात योहान झोफनी या चित्रकाराने रंगविलेले एक भव्य तैलचित्र आहे. १७८४ ते १७८६ च्या सुमारास लखनौ येथे नवाब आसफउद्दौला आणि कर्नल मॉर्डंट यांच्या कोंबड्यांची जी झुंज झाली, तिचा तो देखावा होय. अब्दुल हलीम शरर यांनीही आपल्या ‘गुजिश्ता लखनौ’ या ग्रंथात या शोकाचे सविस्तर वर्णन केले असून झुंजीसाठी असील जातीची थोरवी गाइली आहे. त्या काळी खुडूक कोंबडीखालून निघालेल्या पिलांत नर अधिक निघाले, तर पाळणाऱ्यास आनंद होई.

आज पारडे फिरले आहे. १९६० च्या कायद्याने प्राण्यांच्या झुंजी लावणे गुन्हा ठरले आणि पाळणाऱ्याचे लक्ष अंड्यांकडे वळले. लखनौजवळच्या मलिहाबाद भागातील आंब्याच्या बागांत कोंबडीपालन वाढावे यासाठी रहमानखेडा येथील फलसंशोधन संस्थेने प्रयत्न केले. तेथे दिलेल्या जातींपैकी ‘निर्भीक’ ही जात बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील पक्षी संशोधन संस्थेने असीलच्या संकरातूनच तयार केली आहे. अशा घरी बारा पिले आली, की त्यांतील किती अंडी देतील, हा पहिला प्रश्न असतो. अंडी न देणाऱ्या पिलांच्या पोटीही दोन-तीन महिने दाणा जातो, आणि तो दाणा गृहिणीला मोजावा लागतो.

या प्रश्नावर लोकांनी उत्तरे फार पूर्वी शोधून ठेवली आहेत. दुर्दैवाने ती एकमेकांशी जुळत नाहीत. ॲरिस्टॉटलने लिहिले, की लांबट व टोकदार अंड्यांतून मादी निघते आणि गोल अंड्यांतून नर. रोमन ग्रंथकार प्लिनी नेमके याच्या उलट सांगतो. दोऱ्याला अंगठी बांधून ती अंड्यावर धरावी व तिचा झोका पाहावा, असाही एक प्रकार आहे. या सर्वांचे खंडन एकाच गोष्टीने होते. पिलू नर होणार की मादी, हे बलक अंडाशयातून सुटण्यापूर्वीच ठरलेले असते. कवच त्यावर पुढे अंडनलिकेत चढते. जे नंतर घडते त्याच्या आकारावरून आधी ठरलेले कसे वाचता येईल?

मनुष्यामध्ये अपत्याचे लिंग पित्याच्या बीजावर अवलंबून असते, तर पक्ष्यांत ते मातेवर. कोंबड्याजवळ ‘झेड’ नावाची दोन गुणसूत्रे असतात. कोंबडीजवळ एक ‘झेड’ आणि एक ‘डब्ल्यू’. आईकडून ‘झेड’ मिळाल्यास नर, ‘डब्ल्यू’ मिळाल्यास मादी. यातून एक उपयुक्त गोष्ट निष्पन्न होते. आईच्या ‘झेड’वर एखादा ठळक गुण असेल, तर तो फक्त मुलग्यांकडे जातो, मुलींकडे कधीच जात नाही.

केंब्रिजचे आनुवंशशास्त्रज्ञ पनेट यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात, धान्याची टंचाई असताना, हीच गोष्ट कामी लावण्याचे सुचविले. अंगावर आडवे पट्टे असलेली प्लायमाउथ रॉक कोंबडी आणि पट्टे नसलेला ऱ्होड आयलंड रेड कोंबडा यांची पिले काळी असतात. परंतु नर पिलाच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो, मादीच्या डोक्यावर तो नसतो. मात्र जोडी उलट केली तर हा भेद दिसत नाही. याच संकरित पिलांची पुढे आपसांत पैदास केली, तरीही तो नाहीसा होतो. शेजारणीकडून अशी पिले पाहून आलेल्या पुष्कळांची फसगत येथेच होते. पंखांच्या पिसांची वाढ लवकर होणे वा उशिरा होणे हा गुणही ‘झेड’वरच असतो. त्यानुसार जोड्या लावल्यास एक दिवसाच्या पिलाचा पंख पसरून निर्णय करता येतो. परसातल्या मिश्र कळपात तो लागू पडत नाही.

जात कोणतीही असो, चालणारी एक पद्धत जपानमध्ये सापडली. कियोशी मासुई व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की नुकत्याच निघालेल्या पिलाच्या विष्ठाद्वाराच्या आत एक अतिसूक्ष्म उंचवटा असतो आणि नर-मादींत त्याचे रूप भिन्न असते. १९२७ साली ओटावा येथील जागतिक कुक्कुट परिषदेत ही माहिती जगापुढे आली. निष्णात माणूस तासाला शेकडो पिले तपासतो आणि क्वचितच चुकतो. पण हे कौशल्य दीर्घ सरावाने येते, आणि अननुभवी हातात पिलू दगावण्याचा धोका असतो. म्हणून घरी हा प्रयोग करू नये. या कौशल्याची एक दुःखद बाजूही आहे. अंड्यांच्या मोठ्या उद्योगात निवडलेली नर पिले पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून ही प्रथा बंद केली. तेथे आता अंड्यातच लिंगपरीक्षा करणारी यंत्रे वापरतात.

मग परसात काय करावे? वाट पाहावी, पण डोळे उघडे ठेवून. साधारण चार ते सहा आठवड्यांत नराचा तुरा मोठा व तांबडा होऊ लागतो. मात्र असीलच्या बाबतीत हा नियम फसतो, कारण तिचा तुरा वाटाण्यासारखा बसका असून नरातही फारसा वाढत नाही. तेथे पायांची जाडी आणि उभे राहण्याची ऐट पाहावी, आणि तीही एकाच वेळी निघालेल्या भावंडांशीच ताडून. खरा निकाल दहा-बारा आठवड्यांनी लागतो. नराच्या मानेवर व शेपटीच्या मुळाशी लांब, टोकदार, चकचकीत पिसे येतात. तलंगेची तीच पिसे आखूड व गोलसर राहतात. गंमत अशी, की कोंबडीचा साधा पिसारा तिच्या अंडाशयाच्या स्रावामुळे येतो. अंडाशय निकामी झाल्यास म्हाताऱ्या कोंबडीलाही कधी कधी कोंबड्याची पिसे फुटतात आणि ती आरवूही लागते.

शाळेत कोंबड्या असल्यास विद्यार्थ्यांनी प्रत्येक पिलाच्या पायात रंगीत कडे घालून आपला अंदाज वहीत लिहावा आणि बाराव्या आठवड्यात तो पडताळून पाहावा. पाय जाड होत जातो, म्हणून कडे वेळोवेळी सैल करावे. दहा पिलांत सात नर निघाले तरी त्यात अघटित काही नाही. लहान संख्येत नेमके निम्मे-निम्मे येतीलच असे नाही.

निर्णय झाल्यावर आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. तो शक्यतो दुसऱ्याच्या कळपातून आणावा, म्हणजे भावा-बहिणींची पैदास टळते. घरचे जास्तीचे नर देशी कोंबड्याला भाव असेल तेव्हा विकावेत.