गोळी रात्रीची, झापड दुपारची

सकाळी ९ : विरार पश्चिमेला आमच्या मेडिकलचं शटर वर जातं. नोकरदार केव्हाच लोकलने गेलेले. आता येतात बीपी-शुगरवाले.

९.३० : एकजण मोबाइलवर रिकाम्या स्ट्रिपचा फोटो दाखवतो. "दादा, हीच द्या." डायझेपाम, एके काळी 'काम्पोज' नावाने घरोघरी ठाऊक असलेली गोळी. चिठ्ठी नाही, म्हणून गोळी नाही. १ मार्च २०१४ पासून ती शेड्यूल एच-वनमध्ये आहे. पेशंट, डॉक्टर, औषध, संख्या अशी नोंद करायची आणि रजिस्टर ३ वर्षं जपायचं.

११ : अर्नाळ्याच्या आजी चिठ्ठी पुढे करतात. डायझेपाम ५ मिलीग्राम, शिवाय अ‍ॅसिडिटीसाठी ओमेप्राझोल. "सकाळी बरं वाटतं ना, आजी?" "कसलं रे! दुपारपर्यंत झापड. परवा मोरीत तोल गेला. गोळी तर रात्री एकच घेते."

एकच, पण रोज. यकृत डायझेपामपासून डेसमिथाइलडायझेपाम तयार करतं आणि तेही गुंगी आणतं. रक्तातलं डायझेपाम निम्मं व्हायला तरुणाला साधारण एक दिवस लागतो, ऐंशीच्या माणसाला तीन दिवसांहून जास्त. डेसमिथाइलडायझेपाम चार दिवसही रेंगाळतं. तळाचं दही न काढता विरजणाच्या भांड्यात रोज दूध ओतावं, तसा साठा वाढत जातो. त्यात ओमेप्राझोल डायझेपामचा निचरा आणखी मंदावतं. आजींच्या घरी दोन गोळ्या शिल्लक आहेत. "डॉक्टरांशी बोलतो, संध्याकाळी या."

दुपारी ३ : स्टॉकिस्टचा माल. बिल, बॅच नंबर, एक्स्पायरी.

६ : डॉक्टर दवाखान्यात आले. फोनवर झापड, तोल जाणं आणि ओमेप्राझोल, तिन्ही सांगितलं. औषध बदलणं माझ्या अधिकारात नाही. लोराझेपामपासून असा गुंगीचा दुसरा पदार्थ बनत नाही, पण तोल त्यानेही जाऊ शकतो. म्हणून निवड डॉक्टरांचीच. "आजींना लगेच पाठवा," ते म्हणाले.

८ : नवी चिठ्ठी आली. डायझेपाम २ मिलीग्राम, पुढे हळूहळू बंद करण्यासाठी. अ‍ॅसिडिटीची गोळीही बदललेली. रजिस्टरमध्ये नोंद केली.

९ : विरार फास्टने परतलेला एक थकलेला तरुण "झोपेचं काहीतरी" मागतो. त्यालाही नकार.

१० : उरलेल्या स्ट्रिप्स आणि रजिस्टर जुळलं. शटर खाली.

घरात कुणी रोज झोपेची गोळी घेत असेल, तर दिवसाची झापड, पडणं आणि चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगा. सोबत दारू नको. आणि गोळी आपल्या मनाने एकदम बंदही करू नका.