कंपनी गेली, स्टॉप राहिला

ठाण्यात रिक्षावाल्याला ‘नितीन कंपनी’ सांगा, ‘गोल्डन डाईज’ सांगा, नाहीतर कोलशेतची ‘सँडोज बाग’; तो पुढचं काही न विचारता मीटर टाकतो. तिथे बनत काय होतं, हे ना त्याला ठाऊक ना मागे बसलेल्याला. हे जुनं कारखानी ठाणं पाहायला एखादा रविवार काढावा, असं माझं मत आहे. मात्र इथे पाटी लावून दाखवणारं कुणी नाही, त्यामुळे काय शोधायचं ते घरूनच ठरवून निघावं लागतं.

सुरुवात वागळे इस्टेटपासून करावी. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि एमआयडीसीचा श्रीगणेशा याच वसाहतीत झाला. मुंबई हाकेच्या अंतरावर, रेल्वे आणि हमरस्ता दोन्ही हाताशी. गल्ल्यांना नावंच नाहीत, नुसते आकडे: रोड नंबर १६, रोड नंबर २२. आज तिथे आयटी पार्क आहेत, पासपोर्टसाठी फायली सांभाळत उभे असलेले लोक आहेत. पण बसचा ‘कामगार हॉस्पिटल’ हा थांबा आहे, आयटीआय आहे, आणि भोवती किसननगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर आहे. कोकणातून, साताऱ्याकडून आलेली माणसं पाळी संपल्यावर जिथे परतायची, त्या या वस्त्या. कंपन्यांपेक्षा त्या चिवट निघाल्या.

पोखरण रोडला लागलात की जेकेग्राम. इथली लोकरीची गिरणी १९२५ ची. १९४४ मध्ये ती कानपूरच्या सिंघानियांकडे आली आणि रेमंडचं नाव देशभर लग्नाच्या सुटापर्यंत पोचलं. २००९ मध्ये ठाण्यातलं उत्पादन थांबलं. दहा वर्षांनी याच आवारात गृहसंकुल उभं राहू लागलं आणि त्याच वर्षी २० एकरांचा तुकडा सुमारे ७०० कोटींना विकला गेला. एकरी ३५ कोटी! तेवढे पैसे कमवायला सूटिंगचे किती तागे विकावे लागले असते, याचा हिशेब कुणीही करून पाहावा. त्याच रांगेत कोलशेतची क्लॅरिएंटची ८७ एकर जमीन लोढांकडे गेली आणि पोखरण रोड नंबर २ वरची ग्लॅक्सोची ६० एकर ओबेरॉय रिअल्टीकडे.

कारखाने युनियनमुळे बुडाले, असं ठाण्यात अजून छातीठोकपणे सांगितलं जातं. संप झाले, जुनी यंत्रं महाग पडू लागली, हेही खरंच. पण खालची जमीन वरच्या मालापेक्षा महाग झाली की धंदा चालवण्यातला रसच संपतो. नागरी जमीन कमाल धारणेचा १९७६ चा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला आणि मोठ्या भूखंडांचा एक जुना अडसर सैल झाला. औद्योगिक पट्ट्यात घरं बांधायला परवानगी मिळू शकते. कामगारांची देणी राहिलेली नाहीत असा कामगार आयुक्तांचा ना-हरकत दाखला मात्र लागतो. गिरणीच्या इतिहासातलं हे शेवटचं सरकारी कागदपत्र.

मिलानला लागून सेस्तो सान जोव्हान्नी नावाचं गाव आहे. फाल्क पोलाद, ब्रेडा इंजिनं, मारेल्ली. लाल बावट्याच्या जोरामुळे त्याला इटलीचं स्टालिनग्राद म्हणत. फाल्कच्या भट्ट्या १९९० च्या दशकात विझल्या. तिथेही बिल्डर आले, योजना रखडल्या, सगळं काही सोन्यासारखं झालं नाही. पण ब्रेडाच्या आवारातला यारीचा प्रचंड सांगाडा तसाच ठेवला आणि उन्हाळ्यात त्याखाली गाण्यांचे जलसे होतात. कारखान्यांची आणि कामगारांची दफ्तरं सांभाळणारी संस्थाही गावात आहे. मेट्रोने जाऊन हे पाहता येतं. आपल्याकडे गिरणगावाला निदान काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमधल्या वस्त्रोद्योग संग्रहालयाची योजना तरी मिळाली. ठाण्याच्या या फेरीत टॉवर पुष्कळ भेटतात. त्यांचा मला राग नाही, माणसांना घरं हवीतच. पण मुद्दाम जपलेली एक चिमणी, एक शेड भेटत नाही, ते खटकतं.

दुपारी कसारा लोकल धरावी. कल्याणनंतर शहाड: सेंच्युरी रेयॉन १९५० च्या दशकातली, अजून चालू. रेयॉनला पाणी अफाट लागतं, म्हणून कारखाना उल्हास नदीच्या काठी आला. लगद्यापासून धागा काढताना गंधकाची संयुगं वापरावी लागतात. नासक्या अंड्यासारख्या वासावरून डोळे मिटलेल्या प्रवाशालाही स्टेशन कळायचं, ते त्यामुळे. बिर्लांनी बांधलेलं विठ्ठलमंदिर पाहून पुढे आंबिवलीला उतरावं.

इथलं मोहने म्हणजे एनआरसी, नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन. कारखाना, वसाहत, शाळा, सगळं कंपनीचं. २००९ मध्ये टाळं लागलं आणि हजारो कामगार थकलेल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या करत राहिले. वसाहतीतल्या कित्येकांनी पैसे हाती पडेपर्यंत खोली सोडायला नकार दिला. जमीन अदानी समूहाकडे गेली. तिथे सिमेंट प्रकल्प आणायचं ठरलं, तेव्हा २०२५ च्या जनसुनावणीत परिसरातल्या लोकांनी कडाडून विरोध केला. डोंबिवली एमआयडीसीत २०१६ आणि २०२४ मध्ये झालेले स्फोट या पट्ट्यात कुणी विसरलेलं नाही. भोंग्यावर वाढलेल्या मोहन्याला कारखाना परत हवा होता, पण हा नव्हे.