टिकू नये म्हणून लावलेला रंग

केसांना तात्पुरता रंग देणे म्हणजे रंगद्रव्य केसाच्या बाहेरच्या थरावर किंवा फार तर त्या थराच्या फटींत बसवणे. कायमच्या रंगात लहान रेणू केसाच्या गाभ्यात शिरतात, तिथे एकमेकांशी जोडले जाऊन मोठे होतात आणि अडकून पडतात. तात्पुरत्या रंगाच्या बाबतीत असे घडत नाही, म्हणून तो एका किंवा आठ-दहा धुण्यांत निघून जातो. नैसर्गिक ते तात्पुरते आणि रासायनिक ते कायमचे, ही सर्रास आढळणारी समजूत इथे फसते. मेंदी झाडाची असूनही कापेपर्यंत टिकते, तर शरबतातला कृत्रिम लाल रंग चार धुण्यांत फिका पडतो. रंग कुठून आला याला महत्त्व नसते, तो केसाला कसा धरतो याला असते.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात रंग चढवणे व उतरवणे हा पोटापाण्याचा उद्योग झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याण कॅम्पमध्ये फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. त्या वसाहतीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे कॅम्प क्रमांक ५ भागात जीन्स शिवण्या-धुण्याचा मोठा धंदा उभा राहिला. जीन्सची निळाई सुताच्या वरच्या थरातच बसते, म्हणून ती धुऊन, घासून हवी तेवढी उतरवता येते. वालधुनी नदीने या धुलाईचा निळा-काळा निचरा वर्षानुवर्षे सोसला. प्रदूषणाचे प्रकरण न्यायालयांत गेल्यावर त्यातले अनेक कारखाने बंद पडले. केसांच्या तात्पुरत्या रंगामागेही जीन्सच्या निळाईचेच तत्त्व आहे, फक्त इथे कापसाऐवजी केराटिन हे प्रथिन असते.

केसाचा बाहेरचा थर मंगळुरी कौलांसारखा एकावर एक चढलेल्या खवल्यांचा असतो. साबणासारख्या अल्कलीत हे खवले उचलले जातात, सौम्य आम्लात मिटतात. आतल्या गाभ्यात मेलॅनिन असते आणि भारतीय केसांत ते इतके दाट असते की पारदर्शक रंग त्यावर दिसतच नाही. लाल शाईने काळ्या कागदावर लिहिलेले वाचता येत नाही, तोच प्रकार. त्यामुळे घरगुती रंगांचा खरा झळाळ नातीच्या केसांपेक्षा आजीच्या पांढऱ्या केसांवर उठतो. नातीला भडक गुलाबी हवा असेल तर आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने केस उजळावे लागतात. एरवी उरतात ते केसांचे खडू, रंगीत मेण आणि फवारे. त्यांतली अपारदर्शक पूड केसावर नुसती बसते, म्हणून काळ्यावरही दिसते आणि पहिल्याच धुण्यात जाते. एका रात्रीच्या गॅदरिंगला तेवढे पुरते.

स्वयंपाकघरातल्या रंगांत बिटाची ख्याती सर्वात मोठी आणि कामगिरी सर्वात लहान. त्यातले बीटानिन पाण्यात सहज विरघळते, उष्णतेने व उजेडाने नासते आणि केराटिनला फारसे धरत नाही. काळ्या केसांवर उन्हात किंचित तांबूस झाक दिसली तरी पुष्कळ. जास्वंदीचा लाल रंग आम्लात लाल राहतो आणि अल्कलीत निळसर पडतो, म्हणून तो लावून साबण वापरला की निराशा ठरलेली. हळद अधिक इमानी. तिच्यातले कर्क्युमिन पांढऱ्या किंवा उजळलेल्या केसांना पिवळेधमक करते, अल्कली लागताच तांबडे होते (हळदीचे कुंकू याच गुणावर होते) आणि उन्हात हळूहळू उडते. शिमग्याच्या सुमारास ठाणे जिल्ह्यातल्या पानझडी रानांत पळस फुलतो. त्याची फुले उकळून निघणारे केशरी-पिवळे पाणी होळीत उडवले जाते आणि फिकट केसांवर हलकी छटा सोडते. शेंदरीच्या बियांतले बिक्सिन पाण्याऐवजी तेलात विरघळते, म्हणून ते कोमट तेलात उतरवून घ्यावे लागते.

मेंदी या यादीत बसत नाही. तिच्या पानांतले लॉसोन केराटिनशी रासायनिक बंध जोडते. पांढऱ्या केसांवर आलेला तिचा नारिंगी रंग शांपूने जात नाही. 'मेंदीच आहे, जाईल' म्हणून लावणाऱ्याला महिनोन्महिने तो मिरवावा लागतो.

घरगुती साहित्यात खरे भडक रंग मिळतात ते खाद्यरंगांत. भारतात खाण्यासाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे: पॉन्सो ४आर, कार्मोइझिन, एरिथ्रोसिन, टार्ट्राझिन, सनसेट यलो, इंडिगो कार्माइन, ब्रिलियंट ब्लू आणि फास्ट ग्रीन. यांतले बहुतेक आम्लरंग, म्हणजे लोकर रंगवण्याच्या जातीचे. लोकर आणि केस दोन्ही केराटिनचे. आम्लात केराटिनवर धन भार येतो आणि ऋण भाराचा रंग त्याला चिकटतो. म्हणून रंगाच्या पाण्यात थोडे व्हिनेगर घातले की काम होते. अमेरिकेत १९२७ मध्ये निघालेल्या कूल-एड या शरबताच्या पुडीत रंग आणि सायट्रिक आम्ल एकत्रच येतात, त्यामुळे तिकडची मुले तिनेच केस रंगवतात. कंडिशनरमध्ये खाद्यरंग कालवण्याचा लोकप्रिय सल्ला मात्र अर्धाच खरा आहे: कंडिशनरमधले धन भाराचे घटक रंगाचा काही भाग स्वतःच अडवून धरतात.

दुकानातले सौम्य रंग याच्या उलट, स्वतः धन भाराचे असतात. उजळलेल्या केसांवर ऋण भाराच्या जागा वाढलेल्या असतात, तिथे हे रंग अमोनिया-पेरॉक्साइडशिवाय बसतात आणि काही आठवडे राहतात. अशा रंगांना फॅशनमध्ये आणण्यात न्यूयॉर्कमध्ये १९७७ साली टिश आणि स्नूकी बेलोमो या बहिणींनी काढलेल्या मॅनिक पॅनिक या दुकानाचा मोठा वाटा. हे धन भाराचे रंग कंडिशनरशी छान जमतात, म्हणून पार्लरमध्ये गडद रंग फिका करायला त्यातच मिसळतात.

सौम्य रंगाच्या नावाखाली भलताच रंग डोक्यावर जाण्याचा धोका औद्योगिक पट्ट्यात अधिक. कापडाचा रंग, रांगोळीची पूड किंवा खुला सुटा गुलाबी रंग केसांसाठी नसतो. जीन्सच्या इंडिगोला विरघळवायला हायड्रोसल्फाइट आणि कॉस्टिक लागते, तो प्रकार टाळूजवळ नेण्याचा नाहीच. कापडाला चालणारा ऱ्होडामाइन-बी खाद्यपदार्थांत निषिद्ध आहे. त्याच्यामुळे तमिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'बुढ्ढी के बाल'वर बंदी घातली. 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पुडीत बऱ्याचदा पॅराफेनिलीनडायअमाइन असते आणि त्याची ॲलर्जी तीव्र होऊ शकते. कोणताही नवा रंग आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास वाट पाहावी. भुवया आणि पापण्या सोडूनच द्याव्यात.

लावताना केस तेलकट नसावेत. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते, हे मॅरिकोच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले होते. रंगपंचमीला आधी तेल चोपडण्याची आजीची सूचना त्यामुळे बरोबर, पण रंग चढवायचा असेल तेव्हा तीच अडचण. कपाळ, कान आणि मान यांवर व्हॅसलिन लावावे. इथल्या दमट हवेत घाम आणि लोकलची गर्दी धरूनच बेत आखावा. तात्पुरता रंग ओला झाला की कॉलरवर उतरतो, शेजाऱ्याच्या शर्टावरही. जून ते सप्टेंबर खडू आणि फवारे घरीच ठेवलेले बरे.

उतरवायला कोमट पाणी आणि साधा शांपू बहुधा पुरतो. त्वचेवरचे डाग तेलाच्या बोळ्याने निघतात. उशीवर जुना टॉवेल घालावा. सच्छिद्र झालेल्या, वारंवार उजळलेल्या केसांत मात्र हेच रंग अपेक्षेपेक्षा जास्त रेंगाळतात, त्यातही निळा आणि हिरवा सर्वात चिवट. पिवळसर केसांवर निळा उतरता उतरता हिरवा दिसू लागतो. त्यावर पुन्हा ब्लीच मारल्याने केस तुटतात. त्यापेक्षा धुणे चालू ठेवावे आणि शेवटी टोके कापावीत. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात.