वाळवीची पाखरं उडाली की गांडूळ बाजूला ठेवा!

परवा पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर संध्याकाळी काजळी नदीवर अंजणारीच्या बाजूला गरवायला बसलो होतो. गांडूळ लावून तास झाला, तरंडा हलेना.

तेवढ्यात काठावरच्या वारुळातून वाळवीची पाखरं धुरासारखी उठली. काही पाण्यावर पडली आणि टपाटप वर्तुळं उमटायला लागली. मासे वर येऊन खात होते!

जमीन भिजली की वाळवीचे पंखवाले नर-मादी जोडीदार शोधायला बाहेर पडतात. थोडंसं उडतात आणि पंख गाळतात. अशा वेळी मासा तळाकडे बघतच नाही.

मी शिसं आणि तरंडा काढला. सगळ्यात बारीक गरीला एक पाखरू अडकवून प्रवाहावर अलगद सोडलं. पहिल्याच फेरीत बोटभर लांबीचा, चांदीसारखा मासा!

ट्राउट गरवणारेही हेच करतात. फक्त तिथे मेफ्लायसारखे कीटक पाण्यातूनच वर येतात आणि गरीला पीस-दोऱ्याची खोटी माशी बांधतात. ट्राउटला थंड पाणी लागतं, म्हणून ती काश्मीर-हिमाचलात, कोकणात नाही.

एक मात्र पाळा. हे चढणीचे, म्हणजे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढण्याचे दिवस आहेत. गाभोळीने पोट फुगलेली मादी मी लगेच सोडतो.

तुमच्या गावात या पाखरांना काय म्हणतात? गरी, दोरा, काहीही विचारा.