रेडिओ बंद झाल्यावर

१९५६च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा (म्हणजे आजचा सातारा, दक्षिण सातारा पुढे सांगली झाला) या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत एक वेगळी बैठक भरत होती. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, गावातली वीसेक माणसं रेडिओभोवती जमत. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे. तो संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्यावर आपसात बोलायचं. एक जण चर्चेचा सारांश लिहून काढी आणि तो कागद पुण्याला रवाना होई. दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले आणि प्रयोग आटोपला.

माणसं एकमेकांशी कशी बोलतात आणि त्या बोलण्याने काय बदलतं, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्यांत या प्रयोगाला मोठा मान आहे. युनेस्कोने १९५९ साली पॅरिसहून त्याचा अहवाल पुस्तकरूपाने काढला. आपल्याकडे मात्र चांगल्या वाचणाऱ्या माणसालाही तो ठाऊक नसतो. तो अहवाल पहिल्यांदा हाती पडला तेव्हापासून मी त्याच्या मागे आहे. संपादकांनी जागा सढळ दिली आहे, तेव्हा जरा ऐसपैस सांगतो.

आधी पूर्वपीठिका, थोडक्यात. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५मध्ये कलकत्त्यात बिनतारी लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखवली, मार्कोनीने त्या लहरींचा संदेशवहनासाठी उपयोग केला, आणि १९४८मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या क्लॉड शॅननने संदेश मोजण्याचं गणितच मांडलं. शॅननच्या गणिताला संदेशाच्या अर्थाशी कर्तव्य नव्हतं, तसं त्याने स्वतःच सांगून ठेवलं होतं. अर्थाचा, ऐकणाऱ्याचा आणि त्याच्या शेजाऱ्याचा विचार करायला समाजशास्त्रज्ञ लागले.

मूळ कल्पना कॅनडातली. तिथे १९४१पासून शेतकऱ्यांसाठी देशभर रेडिओ मंच सुरू झाला होता. हिवाळ्यात सोमवारी रात्री शेजारीपाजारी कुणाच्या तरी घरी जमायचे, टपालाने आलेली पुस्तिका आधी वाचलेली असायची, मग कार्यक्रम ऐकायचा, चर्चा करायची आणि निष्कर्ष कळवायचे. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, असं त्यांचं घोषवाक्य होतं. युनेस्कोला हे भारतात करून पाहायचं होतं. आपल्याकडे येताना त्यातला 'वाचा' गळला. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही बैठकीत बसता यावं म्हणून हा बदल केला, आणि माझ्या मते या प्रयोगाचा सगळा जीव तिथेच आहे.

आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर हे आयसीएस अधिकारी, आणि हिंदीतले नामवंत नाटककारही; 'कोणार्क' हे त्यांचंच नाटक. पुणे केंद्र तर १९५३ साली सुरू झालेलं, म्हणजे जेमतेम अडीच वर्षांचं. व्यंकटेश माडगूळकर याच केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात होते. या प्रयोगात कोणाकोणाचा किती वाटा होता हा वेगळ्या शोधाचा विषय आहे, पण माणदेशच्या माणसांची बोली अंगात मुरलेला लेखक शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम करणाऱ्या विभागात असावा, हे मला त्या काळाचं मोठं भाग्य वाटतं. आज शेतीविषयक कार्यक्रमांची भाषा ऐकली की ते फार जाणवतं.

काळही कसा होता पाहा. १९५६च्या जानेवारीत मुंबईत संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर उतरले होते, गोळीबार झाला होता, माणसं गेली होती. त्यानंतर महिन्याभरातच त्याच मुंबई राज्याच्या मराठी जिल्ह्यांत ही रेडिओ ऐकणाऱ्यांची मंडळं बसू लागली. पेटलेल्या दिवसांतही माणसं खताविषयी, उंदरांविषयी, शाळेविषयी तासभर शांतपणे बोलली.

रेडिओ म्हणजे व्हॉल्व्हचा, वजनदार. बहुतेक खेड्यांत वीज नव्हती, म्हणून तो बॅटरीवर चालवायचा. बॅटरी उतरली की कार्यक्रम बुडाला. ट्रान्झिस्टर अमेरिकेत १९५४ साली बाजारात आला होता, पण आपल्या खेड्यांत यायला त्याला अजून काही वर्षं लागायची होती. रेडिओ गावाचा, सार्वजनिक, एखाद्या चावडीत किंवा शाळेत ठेवलेला. ऐकायचं तर एकत्रच यावं लागे.

प्रत्येक मंडळाला एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक असे. चर्चेची दिशा सांभाळायची आणि अहवाल पाठवायचा, ही निमंत्रकाची जबाबदारी. गावांनी विचारलेल्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमांत उत्तरं मिळत. आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांत हयात घालवलेल्या एका निवृत्त गृहस्थांशी मी याबद्दल पुष्कळ बोललो आहे. ते म्हणत, "अहो, आपल्या गावाचं नाव रेडिओवर ऐकू आलं की तो माणूस कायमचा आपला होतो. त्याला मग वाटतं, हा डबा माझं ऐकतो." एरवी रेडिओ ही एकतर्फी गोष्ट. इथे टपालखात्याच्या मदतीने ती दुतर्फी झाली होती.

आता माझ्या आवडत्या भागाकडे येतो. प्रयोग करणं सोपं, पण त्याने काही झालं की नाही हे कसं ठरवायचं? ते काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपवलं होतं. संस्था नुकतीच देवनारला आली होती आणि तिथे न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजातून आलेले एक पाहुणे प्राध्यापक होते, पॉल नॉयराथ.

हा माणूस कोण होता ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. नॉयराथ मूळचे व्हिएन्नाचे, जन्म १९११चा. वडील ऑटो नॉयराथ म्हणजे व्हिएन्ना वर्तुळातले प्रसिद्ध तत्त्वज्ञ. आकडेवारी साध्या चित्रांतून मांडायची 'आयसोटाइप' पद्धत त्यांची. निरक्षरालाही समाजाचे आकडे कळावेत, हा त्यामागचा ध्यास. हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर १९३८मध्ये पॉल पकडले गेले. आधी दाखाऊ, मग बुखेनवाल्ड, अशा दोन छळछावण्यांत त्यांनी वर्षभराहून अधिक काळ काढला. सुटले ते स्वीडनमार्गे अमेरिकेत पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेटसाठी विषय घेतला तो त्या छावण्यांमधल्या समाजजीवनाचा. जिथे मोकळं बोलणं जिवावर बेतत होतं, तिथून आलेला माणूस सोळा-सतरा वर्षांनी देवनारला बसून, मराठी शेतकरी चावडीत किती मोकळेपणाने बोलतात याचा अभ्यास करत होता. हा योग मला आजही थक्क करतो.

कोलंबियात त्यांचे गुरू होते पॉल लाझार्सफेल्ड, तेही व्हिएन्नाचेच. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला लाझार्सफेल्ड यांनी ऑस्ट्रियाच्या रेडिओसाठी श्रोत्यांच्या आवडीनिवडींची पाहणी केली होती. अमेरिकेत गेल्यावर त्यांनी रेडिओ संशोधनाचं कार्यालय उभं केलं. तिथे श्रोत्यांच्या हातात दोन बटणं देत: आवडलं की हिरवं दाबायचं, नावडलं की लाल, आणि कुठल्या क्षणी काय दाबलं याचा आलेख निघे. पुढे १९४०च्या अमेरिकी निवडणुकीत ओहायोच्या एका परगण्यात मतदारांच्या पुन्हापुन्हा मुलाखती घेताना लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अनपेक्षित गोष्ट दिसली. रेडिओ आणि वर्तमानपत्रांनी थेट मत बदललेले लोक फार थोडे होते. बहुतेकांवर प्रभाव पडला तो ओळखीच्या, जरा जास्त वाचणाऱ्या-ऐकणाऱ्या माणसाचा. म्हणजे माहिती आधी अशा माणसांपर्यंत येते आणि त्यांच्या बोलण्यातून इतरांपर्यंत झिरपते. संज्ञापनशास्त्रात या सिद्धान्ताचा दबदबा आजही आहे.

नॉयराथ यांनी हीच समज घेऊन पुण्याच्या प्रयोगाची चाचणी आखली. मंडळं असलेल्या गावांपैकी वीस गावं त्यांनी बारकाईने अभ्यासायला घेतली आणि तुलनेला आणखी वीस गावं निवडली. या दुसऱ्या विसांत निम्म्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं. उरलेल्या निम्म्यांत रेडिओही नव्हता. प्रत्येक गावातल्या वीस जणांना कार्यक्रम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर प्रश्न विचारले. शिवाय निरीक्षक मंडळांच्या बैठकांना जाऊन बसत आणि चर्चा टिपून घेत.

रेडिओ असलेली पण मंडळ नसलेली ती गावं हा या आखणीतला सर्वांत देखणा भाग. ती नसती, तर मंडळवाल्या गावांत झालेला बदल सरळ रेडिओच्या खात्यावर जमा झाला असता. आता उत्तर स्वच्छ मिळालं. मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती लक्षणीय वाढली. बाकीच्या गावांत, रेडिओ असो वा नसो, ती वाढ नगण्य होती.

माहितीपुरतंच ते थांबलं नाही. मंडळांनी गावोगावी विहिरी खोदल्या, जातिवंत वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या विकत आणल्या, विक्री संस्था काढल्या, बालवाड्या सुरू केल्या. दहा आठवड्यांत! नॉयराथ यांनी नोंदवलं आहे की ही मंडळं बघता बघता निर्णय घेणारी झाली, आणि काही बाबतींत निवडून आलेल्या पंचायतीपेक्षाही चपळ ठरली. का, याचं माझं उत्तर असं: पंचायतीत माणूस कुणाच्या तरी बाजूने बसतो. मंडळात विषय बाहेरून, रेडिओतून आलेला असे. तो कुणाच्याच बाजूचा नसे, म्हणून भावकीतल्या दोन तटांनाही त्यावर एका बैठकीत बोलता येई.

उणिवाही सांगायला हव्यात. मंडळं मुख्यतः पुरुषांचीच होती. माझ्या मते ही त्या प्रयोगाची सर्वांत मोठी उणीव. बालवाडीचा निर्णय जिथे होत होता तिथे आया नव्हत्या. शिवाय कार्यकर्त्यांची देखरेख भरपूर होती आणि उत्साह नवा होता. १९५९च्या नोव्हेंबरपासून ही योजना देशभर नेली तेव्हा मंडळांची संख्या वाढली, देखरेख विरळ झाली. कुठे निमंत्रक कंटाळला, कुठे बॅटरी बदलली गेली नाही, कुठे पाठवलेल्या प्रश्नांना उत्तरंच आली नाहीत. पुढे स्वस्त ट्रान्झिस्टर घरोघर आले आणि एकत्र जमण्याचं कारणच उरलं नाही. पुण्याच्या धर्तीवरचा प्रयोग १९६०च्या दशकात आफ्रिकेत घाना देशात झाला. इथे मात्र १९७५मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांना दूरचित्रवाणी दाखवण्याचा वर्षभराचा 'साइट' प्रयोग झाला आणि सगळ्यांचे डोळे पडद्याकडे लागले.

जाता जाता एक आडवळण. जुन्नर तालुक्यात खोडद येथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून उभ्या राहिलेल्या. तिथे गेलं की मोबाइल बंद करावा लागतो, कारण आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात की आपल्या गप्पांनी ते बुडून जातात. पुणे जिल्ह्याच्या मातीत रेडिओचं भौतिकशास्त्र आणि रेडिओचं समाजशास्त्र, दोन्हींतलं जागतिक दर्जाचं काम झालं आहे. पहिलं पाहायला शाळांच्या सहली जातात. दुसऱ्याची कुठे साधी पाटीसुद्धा माझ्या पाहण्यात आली नाही.

संज्ञापन शिकवणाऱ्या आपल्या विभागांनी हा प्रयोग अभ्यासक्रमात ठळकपणे घ्यायला हवा. २००६नंतर स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओचे परवाने मिळू लागले. अशी केंद्रं चालवणाऱ्यांनी तर नॉयराथ यांचा अहवाल टेबलावरच ठेवावा. किती जणांनी ऐकलं हे मोजण्यात त्यांची शक्ती जाते, ऐकल्यावर किती जण बसून बोलले हे कुणी विचारत नाही. नॉयराथ यांनी तेच विचारलं होतं.

शेवटी वाचकांना एक विनंती. त्या पाच जिल्ह्यांत तुमचं गाव असेल, तर घरातल्या, गावातल्या सर्वांत वयस्कर माणसांना १९५६च्या रेडिओ मंडळाबद्दल विचारा. आजोबांच्या ट्रंकेत, ग्रामपंचायतीच्या कपाटात, शाळेच्या माळ्यावर चर्चेची वही, आकाशवाणीचं पत्र किंवा बैठकीचा फोटो सापडला तर तो रद्दीत जाऊ देऊ नका. त्यावर गावाचं नाव आणि साल लिहा आणि जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा जिल्हा ग्रंथालयात नेऊन द्या.